तुटलेली जागा शोधणारी माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा पुण्यात नेटवर्क इंजिनिअर आहे. परंड्याकडच्या त्यांच्या गावात कुणी विचारलं, की पोरगा काय करतो, तर माझी बहीण सांगते, 'कंप्युटरात आहे.' विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होतं. मी मात्र सांगतो, की तो आजोबांच्याच धंद्यात आहे. त्याचे आजोबा, म्हणजे आमचे अब्बा, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. लोकांना वाटतं, कवी माणूस आहे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो. म्हणून आज जरा सविस्तर सांगणार आहे. दहावी-बारावी झालेली मुलं आणि त्यांचे पालक ऐकत असतील, त्यांनाही त्याचा उपयोग होईल. आमच्या शहराचं नाव २०२३ साली धाराशिव झालं. जुन्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडी उस्मानाबाद येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आपल्या देशात या धंद्याचा पाया घालणारा माणूस डॉक्टर होता. विल्यम ओ'शॉनेसी त्याचं नाव. मूळचा आयर्लंडचा, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. १८३९ साली त्यानं कलकत्त्याजवळ तारा ताणून विजेनं निरोप पाठवण्याचा प्रयोग केला. तेव्हा सरकारनं लक्ष दिलं नाही. पुढं डलहौसीच्या काळात दिवस पालटले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन चालू झाली आणि १८५४ साली तार आग्र्यापर्यंत पोहोचली.

ओ'शॉनेसीच्या हाताखाली शिवचंद्र नंदी नावाचे एक बंगाली गृहस्थ होते. ते टांकसाळीत नोकरीला होते. तारायंत्राचं शिक्षण देणारी शाळाच तेव्हा देशात नव्हती. साहेबाबरोबर काम करता करता ते शिकले. पद्मा नदीतून केबल टाकायची वेळ आली तेव्हा मोठं जहाज भाड्यानं घेणं परवडेना. नंदींनी मच्छीमारांच्या होड्या घेतल्या आणि केबल पैलतीराला नेली. खांब मिळेनात तिथं ताडाचे बुंधे उभे केले. १८८३ साली सरकारनं त्यांना रायबहादूर केलं. 'नेटवर्क इंजिनिअर कसं व्हायचं' असं मला कुणी विचारलं, की मला आधी हे नंदी आठवतात. काम आधी आलं, त्याचं कॉलेज फार नंतर निघालं.

त्याच सुमाराला आपल्याकडं काय चाललं होतं? १८५३ च्या करारानं नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामानं इंग्रजांच्या हवाली केला होता आणि कादंबरीकार म्हणून आधीच गाजलेला मेडोज टेलर नळदुर्गात राहून कारभार बघत होता. १८६० साली हा मुलूख निजामाकडं परत गेला. तारा बहुतेक रेल्वेच्या कडेकडेनं जायच्या आणि रेल्वे होती सोलापुरात. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत गेली, तीसुद्धा येडशीवरून. उस्मानाबाद बाजूलाच राहिलं. शहराच्या नावाचं स्टेशन व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. त्यामुळं आमच्याकडं तार म्हणजे लांबची आणि धास्तीची गोष्ट. दारात तारवाला दिसला, की कागद वाचायच्या आधीच घरात रडं सुरू व्हायचं. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आमच्या घरात तोपर्यंत आलेल्या चार तारांपैकी तीन मयताच्या होत्या.

टेलिफोनचा इतिहासही असाच गमतीचा आहे. सुरुवातीला फोन लावायचा तर एक्स्चेंजमध्ये बसलेल्या माणसाला नंबर सांगावा लागायचा, मग तो दोन तारा जोडून द्यायचा. अमेरिकेत कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस होता. त्याचा धंदा प्रेतयात्रेची व्यवस्था करण्याचा. असं सांगतात, की त्याचे फोन त्याच्या स्पर्धकाकडं वळवले जातात असा त्याला संशय होता, कारण एक्स्चेंजमधली बाई त्या स्पर्धकाच्या घरची होती. चिडून त्यानं माणसाशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधून काढलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं. तबकडी फिरवून नंबर लावायची पद्धत त्यातून आली. आपल्याकडं ट्रंक कॉलची कटकट न करता थेट परगावी नंबर फिरवायची सोय १९६० साली लखनौ-कानपूरमध्ये झाली. खेड्यांच्या वाट्याला चांगला फोन यायला मात्र १९८४ साली निघालेल्या सी-डॉट या संस्थेची वाट पाहावी लागली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण इंजिनिअरांनी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. परदेशी यंत्रांना थंड खोली लागायची. हे एक्स्चेंज आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात, एअर कंडिशनरशिवाय चालायचं. मराठवाड्यासारख्या भागाला याची किती गरज होती, ते एप्रिल महिन्यात आमच्याकडं येऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्या यंत्रणेच्या शेवटच्या टोकाला अब्बा होते. सायकल, शिडी, पक्कड, कमरेचा पट्टा आणि तारेला अडकवून बोलून बघायचा एक फोन, एवढी त्यांची हत्यारं. लाइन डेड झाली, की एक्स्चेंजच्या टेस्ट टेबलावरचा माणूस तारेतला विद्युतरोध मोजून अंदाज सांगायचा, की बिघाड साधारण इतक्या अंतरावर आहे. मग अब्बा निघायचे. कुठं बाभळीची फांदी पडलेली असायची, कुठं तांब्याची तार चोरांनी कापून नेलेली, कुठं जोडात पाणी गेलेलं. खांबावरून हॅलो हॅलो करत एक एक टप्पा तपासत जायचं. अलीकडचं चांगलं आहे ना, मग दोष पलीकडं आहे. असं करत करत शेवटी एका ठिकाणी पोहोचायचं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही सगळे अंगणात पळालो. किल्लारी, सास्तूर ही नावं दिवस उजाडल्यावर कानावर आली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर आमच्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडामातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. अब्बा अंगणातून घरात परत आलेच नाहीत. सायकल काढून तसेच ऑफिसला गेले, तिथून उमरग्याच्या बाजूला.

मी तेव्हा २३ वर्षांचा होतो. बी. ए. होऊन रिकामा. तिसऱ्या दिवशी मदतीच्या ट्रकमधून मीही गेलो. त्या दिवसांत पाऊसही लागला होता. मदत केंद्राजवळ एका टेबलावर फोन ठेवलेला होता आणि त्याच्यासमोर रांग होती. कुणाचा मुलगा मुंबईला होता, कुणाचा भाऊ पुण्यात. प्रत्येकाला एवढंच कळवायचं होतं, की कोण आहे आणि कोण नाही. एक म्हातारे गृहस्थ हातात चिठ्ठी घेऊन उभे होते, चिठ्ठीवर मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचा पी. पी. नंबर. त्यांचा नंबर आला आणि लाइन गेली.

मी तो क्षण विसरलो नाही. म्हातारा ओरडला नाही, काही नाही. फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. अब्बांनी मला हाक मारली. टेबलावरचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मी खांबावरून बोललो की उत्तर द्यायचं. ते चिखलातून तारेखाली चालत गेले. पहिल्या खांबावरून आवाज आला, दुसऱ्यावरून आला, तिसऱ्यावरूनही. मग बराच वेळ काहीच नाही. रांग माझ्याकडं बघत होती. तास-सव्वा तास झाला असेल. मग एकदम कानात टोन आली. कुठल्याशा ट्रकनं खांब कलता केला होता आणि एक जोड सुटला होता, बस्स. म्हाताऱ्यांनी नंबर फिरवला. पलीकडं कुणी उचलल्यावर ते म्हणाले, 'मी बोलतोय. मी एकलाच बोलतोय.' आणि फोन ठेवला.

रात्री मी अब्बांना विचारलं, की एवढ्या मोडतोडीत सुरुवात कुठून करायची हे तुम्हाला कळतं कसं? ते आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, "पूरी लैन नै टूटती बेटा. एकीच जगा टूटती. वो जगा ढूंढना."

त्या भूकंपानंतर सरकारलाही काही गोष्टी कळल्या. जागतिक बँकेच्या मदतीनं जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यातूनच राज्याची आपत्ती व्यवस्थापन योजना उभी राहिली आणि जिल्ह्यांची मुख्यालयं उपग्रहामार्फत मुंबईशी जोडण्याचं कामही त्यात आलं. तारा तुटल्या तरी बोलणं तुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. मी गावी परत आलो आणि पुढच्या वर्षी पिवळ्या पाटीचं एस. टी. डी. बूथ टाकलं. बारा-तेरा वर्षं चाललं. मोबाइलनं ते बंद पाडलं, आता तिथं झेरॉक्सचं मशीन आहे.

आता भाच्याच्या काळाकडं येऊ. इंटरनेटचा जन्मही एका बिघाडानंच झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियात लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेतून दुसऱ्या गावच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं दुरुस्ती झाली आणि पूर्ण शब्द गेला. १ जानेवारी १९८३ पासून या जाळ्यातल्या सगळ्या संगणकांनी एकच बोली स्वीकारली. आज जगभर तीच चालते. आपल्याकडं १९८६ साली शैक्षणिक संस्थांना जोडणारं 'अर्नेट' सुरू झालं. त्यात मुंबईच्या एन. सी. एस. टी. या संस्थेचा आणि तिचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा मोठा वाटा होता. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

या जाळ्यात निरोप एका अखंड तारेनं जात नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता लिहिलेला असतो. वाटेत चौकाचौकात राउटर नावाची यंत्रं असतात, ती पत्ता वाचून पुढची वाट दाखवतात. धाराशिवहून सोलापूरला निघालात आणि तुळजापूरचा रस्ता बंद असेल, तर ड्रायव्हर वैरागवरून गाडी काढतो, तसंच. ही वाट आखणं, यंत्रांना पत्ते देणं, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातच अडवायचं हे ठरवणं, आणि काही बंद पडलं की तुटलेली जागा शोधणं, हे नेटवर्क इंजिनिअरचं काम. बँकेचं एटीएम, रुग्णालय, रेल्वेचं तिकीट, सात-बारा उतारा, सगळं त्याच्यावर चालतं. चालू असतं तोवर त्याची आठवण कुणालाच येत नाही.

भाचा दहावीनंतर माझ्याकडं राहून धाराशिवच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा. आमच्या जिल्ह्यात आय. टी. आय. आहे, पॉलिटेक्निक आहे, तेरणा संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तुळजापूरला देवीच्या मंदिर संस्थाननं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं केलं. म्हणजे सुरुवात करायला पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही. डिप्लोमानंतर तो पुण्याला गेला आणि सीसीएनए नावाची परीक्षा दिली. सिस्को ही राउटर बनवणारी कंपनी १९९८ पासून ही परीक्षा घेते. तिला पदवीची अट नाही. माझ्यासारखा बी. ए. झालेलाही बसू शकतो, नोकरी देणारे मात्र पदवी-पदविका विचारतात. पहिल्यांदा तो नापास झाला. पत्त्यांचं गणित त्याला जमत नव्हतं. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, त्यातून साधारण ४२९ कोटी पत्ते होतात. जगाला ते पुरेनात म्हणून १२८ बिटांचे नवे पत्ते आले. या पत्त्यांचे गट पाडायचं गणित शून्य आणि एकमध्ये करावं लागतं. त्यानं माझ्या दुकानातल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर महिनाभर तेवढंच केलं, आणि दुसऱ्या वेळी पास झाला.

पहिली नोकरी लागली ती केबल ओढायची. लोकांच्या ऑफिसात छताच्या वर चढून वायर टाकायच्या. त्या वायरीत आठ तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. त्या ठरलेल्या रंगक्रमानं लावून टोकाला कनेक्टर दाबायचा. एक रंग चुकला, की सगळं बंद. घरी आला, की बोटांना चट्टे. बहिणीला वाईट वाटायचं, इंजिनिअर म्हणून पाठवला आणि वायरमन झाला. मला अब्बांची बोटं आठवायची. पुस्तकात नेटवर्कचे सात थर शिकवतात, सगळ्यात खालचा थर वायरीचा. बिघाड शोधताना तिथूनच सुरुवात करायची असते. ज्यानं दोन वर्षं वायर दाबली, त्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढं त्याला रात्रपाळीचं काम मिळालं. एका मोठ्या खोलीत पडद्यांसमोर बसायचं, शेकडो ठिकाणांचे हिरवे-लाल दिवे बघायचे. तिथं त्यानं एक चूक केली. पुण्यात बसून दुसऱ्या गावच्या शाखेच्या राउटरमध्ये तो बदल करत होता. नको ती वाहतूक अडवण्याचा नियम लिहिला आणि त्या नियमानं त्याची स्वतःचीच वाट अडवली. ज्या फांदीवर बसला होता तीच तोडली. शाखेचं काम बंद. रात्री दोन वाजता मोटारसायकल काढून साठ किलोमीटर गेला. वरिष्ठांनी नोकरीवरून काढलं नाही, एक युक्ती शिकवली. लांबच्या राउटरमध्ये बदल करण्याआधी त्याला सांगून ठेवायचं, की दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन चालू हो. आपण आत अडकलो नाही, तर ती सूचना रद्द करायची. अडकलो तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या, साठवलेल्या सूचनांवर परत येतो. ही युक्ती त्याला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती.

नव्या मुलांना तो तीन गोष्टी सांगतो. पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात खोटं नेटवर्क उभारा, मोडा, परत जोडा. लिनक्स शिका आणि पायथनमध्ये थोडंफार लिहायला शिका, कारण शंभर राउटरमध्ये तोच बदल हातानं करायचे दिवस गेले. आणि इंग्रजीला घाबरू नका. बोलायला अडखळलात तरी चालेल, पण कंपनीचं माहितीपुस्तक वाचून समजलं पाहिजे.

काचेच्या तंतूची केबल तुटली तर आता प्रकाशाचा ठिपका सोडून बघतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा किलोमीटरवर तुटलं असेल, तर तो जाऊन परत यायला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळेवरून अंतर कळतं. पण अंतर कळल्यावर कुणीतरी तिथं जाऊन खड्डा खणावाच लागतो. आमच्या भागात तिथं बहुतेकदा रस्त्याच्या कामाचा जेसीबी उभा असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पूर आला. माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. बहिणीचा फोन लागेना. रात्री भाच्याचा पुण्याहून फोन आला. समोरच्या भिंतीवर शेकडो ठिकाणांचे दिवे, आणि स्वतःच्या आईची खबर नाही. मी काहीबाही बोलून धीर द्यायला लागलो. तो म्हणाला, "मामू, थांबा. शेजारच्या गावचा कुणाचा फोन लागतो का बघा." मी चार नंबर फिरवले. एक लागला. "मग टॉवरपर्यंतची लाइन आहे," तो म्हणाला. "तिकडची लाइट गेली असेल आणि आपल्या गावच्या टॉवरची बॅटरी संपली असेल. टॉवर मेला म्हणजे माणसं गेली असं नाही." हे तो मला सांगत होता की स्वतःला, ते मला कळलं नाही. शेजारच्या गावच्या माणसानं सकाळी उंचावरच्या रस्त्यानं जाऊन बघून येतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. शाळेच्या इमारतीत होते सगळे, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज केला होता. दोन शेळ्या वाहून गेल्या होत्या. बाकी सगळी होती. मी भाच्याला फोन लावला, तर तो उचलेना. रात्रपाळी करून झोपला असेल म्हणून मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यानं उचलला. तो झोपलेला नव्हता.